लॅटिन बोलायचं ते वाचता यावं म्हणून

प्रश्न : मी शाळेत लॅटिन शिकवते. मी स्वतः शिकले ती रूपांचे तक्ते घोकून आणि उतारेच्या उतारे भाषांतरित करून. अलीकडे लॅटिन जिवंत भाषेसारखी शिकवण्याबद्दल बरंच वाचलं, तसे काही तास ऐकले, आणि यंदा नवीन वर्गात चक्क लॅटिनमधूनच बोलायला लागले. मुलं खूश आहेत. पण आमच्या विभागातले ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘हा पोरखेळ आहे. मेलेल्या भाषेत गप्पा मारून परीक्षेत काय उजेड पाडणार?’ परीक्षा भाषांतराचीच असते, हे खरंच आहे. त्यात बोलताना माझ्याच विभक्त्या चुकतात. वर्गातला सगळ्यात बोलका मुलगा सीझरचं एक वाक्य समोर आलं की गप्प बसतो, आणि कधी तोंड न उघडणारी एक मुलगी सगळ्यांपेक्षा चांगलं वाचते. मग मी नेमकं करतेय काय? हे चालू ठेवू का? उन्हाळ्यात लॅटिन संभाषणाच्या एखाद्या शिबिराला जाण्यात अर्थ आहे का?
– एक शिक्षिका

सप्रेम नमस्कार.

चालू ठेवा. पण तो बोलका मुलगा आणि ती अबोल मुलगी यांच्याबद्दल तुम्ही जे जाता जाता लिहिलंय, ते तुमच्या सहकाऱ्यांच्या टोमण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. सहकाऱ्यांना उत्तर देता येईल. त्या मुलाला मात्र आधी काहीतरी द्यावं लागेल.

लॅटिन शिकणाऱ्याला बोलायचंय कुणाशी, हे एकदा स्पष्ट करून घेऊ. इतर भाषा शिकताना समोर माणूस असतो, तो उलट उत्तर देतो, आणि त्या देवाणघेवाणीतच भाषा येते. लॅटिनमध्ये ज्यांचं ऐकायचंय ती मंडळी म्हणजे सिसेरो, व्हर्जिल, ऑगस्टीन, इरॅस्मस, थेट 1687 साली ‘प्रिन्सिपिआ’ लिहिणारा न्यूटन. ते फक्त कागदावरून बोलतात. त्यामुळे वर्गातलं बोलणं कितीही रंगलं तरी त्याचा हिशेब एकाच ठिकाणी होतो : आज जे बोललो त्याने उद्याचा कुठला उतारा सोपा झाला? याचं उत्तर देता येत असेल तर बोला, भरपूर बोला. देता येत नसेल तर तेवढ्यापुरतं तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे.

आता तो मुलगा. त्याच्या तोंडात काय बसलंय ते मी न ऐकताही सांगू शकते. ‘साल्वे, क्विद आगिस?’ म्हणजे नमस्कार, कसं काय. ‘बेने मे हाबेओ’, म्हणजे माझं छान चाललंय. आणि जिवंत लॅटिनच्या प्रत्येक वर्गात पहिल्याच आठवड्यात पाठ होणारं ते अमर वाक्य, ‘लिकेत्ने मिही आद लात्रीनाम ईरे?’, म्हणजे मी शौचालयात जाऊ का? हे सगळं बिनचूक लॅटिन आहे. फक्त सीझरला यातलं काहीच विचारायचं नसतं.

गप्पांमध्ये ‘मी’ आणि ‘तू’ असतात, वर्तमानकाळ असतो, वाक्यं चार-पाच शब्दांची असतात. सीझर स्वतःबद्दलसुद्धा तृतीय पुरुषात लिहितो. काळ भूतकाळ, वाक्य चार ओळींचं, मुख्य क्रियापद शेवटी, आणि मधे ‘त्याला असं कळलं की...’ छापाची प्रदीर्घ वाक्यरचना, जिच्यात कर्ता द्वितीयेत जाऊन बसतो आणि क्रियापदाचं तुमन्त, म्हणजे काळ-पुरुषाचा प्रत्यय नसलेलं, रूप होतं. महिनाभर गप्पा मारलेल्या मुलाने यातलं काहीही कानाने ऐकलेलं नसतं. तो गप्प बसतो यात नवल नाही. त्याने एक लॅटिन शिकलंय आणि आपण त्याच्यासमोर दुसरंच ठेवतोय.

त्यामुळे बोलणं थांबवू नका, बोलण्याचा विषय बदला. हवामान, आवडता रंग, सुट्टीत काय केलं हे सुरुवातीच्या दहा मिनिटांपुरतं राहू दे. बाकीचं सगळं बोलणं उताऱ्यावर.

सीझरच्या ‘गॅलिक युद्ध’ या पुस्तकाचं पहिलंच वाक्य घ्या, तुमच्या परीक्षेत ते कधी ना कधी येणारच : ‘गाल्लिआ एस्त ओम्निस दीवीसा इन पार्तेस त्रेस, क्वारुम ऊनाम इन्कोलुंत बेल्गाय, आलिआम आक्वितानी, तेर्तिआम क्वी इप्सोरुम लिंग्वा केल्ताय, नोस्त्रा गाल्ली आपेल्लांतुर.’ अर्थ असा की संपूर्ण गॉल (साधारण आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश) तीन भागांत विभागलेला आहे. एका भागात बेल्जी राहतात, दुसऱ्यात अक्विटानी, आणि तिसऱ्यात ते लोक, ज्यांना त्यांच्या भाषेत केल्ट आणि आमच्या भाषेत गॉल म्हणतात. पहिला अर्धा भाग कुणालाही जमतो. मुलं ‘तेर्तिआम क्वी’ला अडखळतात. ‘तेर्तिआम’ द्वितीयेत आहे, पण त्याचं क्रियापद मागे राहिलंय. ‘क्वी’ ज्यांच्यासाठी आलंय ते ‘ते’ सीझरने लिहिलेलंच नाही. वर शेवटचं क्रियापद कर्मणी.

वाक्य दाखवण्याआधी फळ्यावर गॉलचा ओबडधोबड नकाशा काढा, तीन तुकडे करा. ‘हाइक एस्त गाल्लिआ.’ मग विचारा, ‘क्वोत पार्तेस सुंत?’ किती भाग आहेत? कुणीतरी म्हणेल, ‘त्रेस.’ वरच्या तुकड्यावर बोट ठेवून, ‘बेल्गाय ऊनाम पार्तेम इन्कोलुंत.’ खालच्या तुकड्यावर, ‘आक्वितानी आलिआम पार्तेम इन्कोलुंत.’ मधला तुकडा मोकळा ठेवा आणि विचारा, ‘नुम बेल्गाय तेर्तिआम पार्तेम इन्कोलुंत?’ ‘नुम’ आलं की उत्तर नकारार्थीच अपेक्षित असतं, तेव्हा मुलांनी ओरडायचं, ‘मिनिमे!’ मग खरा प्रश्न, ‘क्वी तेर्तिआम पार्तेम इन्कोलुंत?’ तिसऱ्यात कोण राहतात? ‘केल्ताय.’ ‘तेर्तिआम’ आणि ‘क्वी’ आता शेजारी शेजारी कानावर पडले, तेही अर्थासकट. इथे ‘क्वी’ प्रश्नार्थक आहे आणि सीझरच्या वाक्यात संबंधी, हे नंतर एका वाक्यात सांगून टाका.

मग नावांकडे या. ‘रोमानी केल्तास गाल्लोस आपेल्लांत.’ रोमन लोक केल्टांना गॉल म्हणतात. हे दोन-तीनदा होऊ द्या. त्यानंतर तेच उलटं फिरवा, ‘केल्ताय आ रोमानीस गाल्ली आपेल्लांतुर.’ ‘गाल्लोस’चं ‘गाल्ली’ झालं, ‘आपेल्लांत’चं ‘आपेल्लांतुर’. इथे एक मिनिट थांबून मुलांच्या भाषेत, सरळ शब्दांत सांगा की कर्तरी वाक्यात नाव द्वितीयेत होतं, कर्मणीत ते प्रथमेत आलं. तक्ता आता उघडा. मुलं त्यात ओळखीची रूपं शोधायला जातील, आणि घोकण्याचा वैताग निम्म्याने कमी होईल. मग सीझरचं मूळ वाक्य पानावर दाखवा. एवढं सगळं पंधरा मिनिटांत होतं. तुमचा तो बोलका गडी यात सगळ्यांत पुढे असेल, कारण बोलायची हौस त्याला आहेच.

त्या लांबलचक ‘असं म्हणाला की’ रचनेसाठीही एक युक्ती आहे आणि ती वर्गात आपोआप जमते. एखादं पोर कुरकुरतं, ‘एसुरिओ’, मला भूक लागलीय. तुम्ही ऐकलंच नाही असं दाखवून शेजारच्याला विचारा, ‘क्विद दीकित?’ तो काय म्हणतोय? शेजाऱ्याने सांगायचं, ‘दीकित से एसुरीरे.’ तो म्हणतो की त्याला भूक लागलीय. ‘से’ द्वितीयेत, क्रियापद तुमन्त. ज्या रचनेपाशी मुलांचा पुस्तकात जीव जातो, ती रोज पाच-दहा वेळा सहज तोंडून गेली की सीझरचे निरोप्ये आणि हेर काय सांगतात ते कळायला लागतं.

ती अबोल मुलगी ठीक आहे, तिला काही करू नका. ऐकणं हेही शिकणंच असतं. ती उत्तर मनात देत असते आणि वाचताना ते तिच्या कामी येतं. तिला ‘एस्त’ किंवा ‘नोन एस्त’ एवढ्या उत्तराचे प्रश्न टाका, नकाशावर बोट दाखवायला सांगा, आणि सगळ्यांसमोर उभं करून बोलतं करायचा हट्ट सोडा.

सहकाऱ्यांच्या ‘पोरखेळ’ या शब्दाचं मला गंमत वाटून हसू आलं, कारण तो शब्द अगदी खरा आहे, फक्त खेळणारी पोरं हजार वर्षांपूर्वीची आहेत. साधारण इसवी सन 1000च्या सुमाराला इंग्लंडमध्ये एल्फ्रिक नावाच्या मठवासी गुरूने मुलांसाठी लॅटिन संवाद लिहिले. त्यात एक पोरगा नांगऱ्या होतो, एक मेंढपाळ, एक कोळी, आणि आपापल्या कामाबद्दल सगळे लॅटिनमध्ये बोलतात. संवादाची सुरुवातच मुलांच्या विनंतीने होते : गुरुजी, आम्हाला लॅटिन नीट बोलायला शिकवा. इरॅस्मसचे 1518 साली छापले गेलेले संवाद मुळात विद्यार्थ्यांना अभिवादनापासून बोलण्याच्या तऱ्हा शिकवायला लिहिलेले होते. शिक्षणतज्ज्ञ कोमेनिअसने 1658 साली चित्रांचं पुस्तक काढलं, चित्रातल्या वस्तूंना आकडे घालून शेजारी लॅटिन वाक्यं दिली. फ्रेंच निबंधकार माँतेन्यला तर वडिलांनी लहानपणी फ्रेंच न येणाऱ्या जर्मन शिक्षकाच्या हवाली केलं होतं आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच्याशी फक्त लॅटिनमध्ये बोलायचं असा दंडक घातला होता. हंगेरीत 1844 पर्यंत राज्यकारभाराची भाषा लॅटिन होती. तेव्हा ‘पूर्वापार चालत आलेली पद्धत’ म्हणून जिचा हवाला दिला जातो, ती फक्त तक्ते आणि भाषांतर यांवर चालणारी शिकवणी मुख्यतः 18व्या-19व्या शतकात रुळली. लॅटिनच्या वयाच्या मानाने ती कालची पोर आहे.

पण हा इतिहास सहकाऱ्यांच्या तोंडावर फेकू नका. त्यांचा मूळ मुद्दा तुम्हाला उपयोगी आहे. केंब्रिजच्या पर्स शाळेत राउज नावाच्या मुख्याध्यापकाने 1902 पासून 1928 पर्यंत लॅटिन आणि ग्रीक बोलून शिकवलं. त्याचं नाव झालं, पण पद्धत सगळीकडे पसरली नाही. मला त्याचं कारण सरळ वाटतं : तिला उत्तम आणि न थकणारा शिक्षक लागतो. आजही तेच आहे. म्हणून तुमच्या विभक्त्यांचा प्रश्न टाळून चालणार नाही, आणि त्यासाठी घाबरायचंही कारण नाही.

11 फेब्रुवारी 2013 रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी कार्डिनलांच्या सभेत लॅटिनमध्ये राजीनामा वाचून दाखवला. वृत्तसंस्थेच्या एका इटालियन पत्रकार बाईंना तो ऐकता ऐकता कळला, आणि बातमी त्यांनी जगाच्या आधी दिली. ही गोष्ट लॅटिनचे शिक्षक कौतुकाने सांगतात. त्या मजकुरात चुका होत्या, हे मात्र कमी सांगितलं जातं. ‘मिनिस्तेरिओ’ या चतुर्थीतल्या नामाबरोबर ‘कोम्मिस्सो’ हवं होतं, तिथे ‘कोम्मिस्सुम’ आलं होतं. अभ्यासकांनी ते लगेच दाखवून दिलं. म्हणजे लॅटिन जिथे अजून कामकाजात वापरतात तिथल्या लिहून आणलेल्या निवेदनात विशेषणाची विभक्ती चुकली, आणि ऐकणारीला तरीही सगळं समजलं. तुम्ही तर फळ्यासमोर उभं राहून ऐनवेळी बोलता आहात.

तरी चुका कमी करायच्या आहेतच, कारण मुलं तुमचंच उचलतात. उपाय कंटाळवाणा आहे. आदल्या संध्याकाळी उताऱ्याखाली दहा-बारा प्रश्न उत्तरांसकट लिहून काढा, शब्दकोशात तपासा, आणि वर्गात तेच बोला. लेखकाचे शब्द, लेखकाच्या विभक्त्या, फक्त वाक्यं लहान. ऐनवेळी सुचलेलं बोलायचा मोह होईल तेव्हा वाक्य तीन शब्दांवर आणा. बोलताना चूक झाली तर बरोबर रूप शांतपणे पुन्हा म्हणा आणि पुढे जा. मुलांच्या चुकांनाही तेच करा. पोरगं म्हणालं ‘विदेओ पुएल्ला’, तर तुम्ही म्हणा, ‘आ, पुएल्लाम विदेस! क्वाम पुएल्लाम?’ दुरुस्ती झाली आणि बोलणंही थांबलं नाही.

शिवाय तुम्ही स्वतः वाचा, आणि भरपूर, सोपं वाचा. डॅनिश शिक्षक हान्स ओर्बेर्ग यांचं ‘फामिलिआ रोमाना’ तुम्हाला माहीत असेलच. 35 प्रकरणं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत फक्त लॅटिन, नवीन शब्दाचा अर्थ संदर्भातून, चित्रातून किंवा समासातल्या खुणेतून कळतो. तुम्हाला वाटेल, हे मुलांचं पुस्तक आहे. तरीही ते मोठ्याने वाचा, प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटवा आणि गोष्ट आपल्या शब्दांत सांगा, एकटीने, भिंतीला सांगितली तरी चालेल. तक्त्यांवर वाढलेल्या माणसाला आपल्याला किती येतं आणि जिभेवर किती येत नाही याचा अंदाज याच कसरतीत येतो. कानासाठी फिनलंडच्या रेडिओने 1989 ते 2019 अशी तीस वर्षं लॅटिनमध्ये छोटं बातमीपत्र चालवलं, त्याचे जुने भाग मिळाले तर सोडू नका.

एक धोक्याची सूचना. जिवंत लॅटिनच्या नादाला लागलेले लोक हमखास दोन आडवाटांवर वेळ घालवतात. एक म्हणजे संगणकाला काय म्हणायचं, दूरध्वनीला काय म्हणायचं. त्यासाठी व्हॅटिकनने कोश काढलेला आहे, तो चाळायला मजा येते, आणि तुमच्या वर्गाला त्याची गरज जवळपास नाही. दुसरी म्हणजे उच्चारांची भांडणं : ‘किकेरो’ की ‘चिचेरो’, ‘काइसार’ की ‘चेझार’. पहिला उच्चार प्राचीन रोमचा, अभ्यासाने पुन्हा उभा केलेला, दुसरा चर्चचा. कुठलाही एक धरा. मात्र ऱ्हस्व-दीर्घ सोडू नका, कारण वरच्या वाक्यातलं ‘लिंग्वा’ प्रथमा आहे की पंचमी हे शेवटच्या स्वराच्या लांबीवरूनच कानाला कळतं.

परीक्षेबद्दल. आठवड्यातला एक तास संपूर्ण परीक्षेसाठी ठेवा : न पाहिलेला उतारा, घड्याळ, लेखी भाषांतर. त्या तासाला लॅटिन बोलू नका. भाषांतर हे वेगळं कौशल्य आहे, त्यात निम्मं काम आपल्या भाषेत नीट वाक्य लिहिण्याचं असतं, आणि ते सवयीनेच येतं. वाक्य आधीच समजलेल्या मुलाला फक्त शब्द निवडायचे असतात. न समजलेला मुलगा शब्दकोशातून एकेक शब्द वेचून काहीतरी रचतो आणि ते बरोबर निघावं म्हणून प्रार्थना करतो. हा फरक पहिल्याच चाचणीत दिसेल असं नाही. पहिल्या सहामाहीत तक्तेवाल्या वर्गाचे गुण तुमच्या वर्गापेक्षा जास्तही असू शकतात. हे सहकाऱ्यांना आणि पालकांना आत्ताच सांगून ठेवा, निकालाच्या दिवशी सांगाल तर सबब वाटेल.

आता शिबिराचं. जा, जरूर जा. रोमजवळ फ्रास्काती इथे विवारिउम नोवुम ही अकादमी आहे, तिथे विद्यार्थी दिवसभर लॅटिन आणि ग्रीकच बोलतात. अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये उन्हाळी संमेलन भरत आलंय, ते शिक्षकांसाठीही चांगलं. पण निवड करताना विचारा की रोज वाचन किती होतं आणि कशाचं होतं. व्हॅटिकनच्या लॅटिन कार्यालयात चाळीस वर्षं काम केलेले रेजिनाल्ड फॉस्टर रोममध्ये उन्हाळी वर्ग घ्यायचे. ते अस्खलित लॅटिन बोलायचे, पण हातात पहिल्या दिवसापासून खऱ्या लेखकांचे उतारे द्यायचे, आणि गृहपाठाला ‘लूदी दोमेस्तिकी’, म्हणजे घरचे खेळ, असं नाव ठेवायचे. ज्या शिबिरात फक्त नाटुकली, गाणी आणि जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा असतील, तिथून तुम्ही ताज्यातवान्या होऊन याल, पण त्या मुलासाठी काही आणणार नाही. पैसे किंवा वेळ नसेल तर यंदा राहू दे. ‘फामिलिआ रोमाना’ मोठ्याने संपवणं हेही कमी काम नाही.

आणि ज्येष्ठांना एकदा वर्गात बसायला बोलवा. त्या दिवशी ‘सुर्गे’, ‘सेदे’, उठा-बसा नको, लात्रीनाही नको. गॉलचा नकाशा घ्या, सीझरचं वाक्य घ्या, मूळ उताऱ्याची एक प्रत त्यांच्या हातात द्या. तास संपल्यावर मुलांनी तो उतारा शब्दकोशाशिवाय भाषांतरित करायचा, आणि वह्या तपासायला त्यांनाच सांगायचं.